भिंतीवरचा समुद्र

(सामान्य काळातील एकोणिसावा रविवार, वर्ष अ. शुभवर्तमान : मत्तय १४:२२-३३)



आपल्या धाडहून समुद्र गाठायचा तर चारशे किलोमीटरहून अधिक प्रवास करावा लागतो. आपल्यातल्या कित्येक आजी-आजोबांनी आयुष्यात समुद्र पाहिलेला नाही. तरीही तो आपल्याला अगदी अनोळखी नाही. आपल्या भागातल्या गावांतून फिरताना शाळेच्या आणि अंगणवाडीच्या भिंतींकडे जरा लक्ष देऊन पाहा. कुठे मोठ्या डोळ्यांचा देवमासा असतो, कुठे कासव, कुठे आठ हातांचा ऑक्टोपस, तर कुठे शिडाचे जहाज. शाळांच्या 'बोलक्या भिंती' आपण सगळेच ओळखतो. २०१६ साली स्वच्छ सर्वेक्षण सुरू झाले, तेव्हापासून अनेक नगरपालिकांनीही रस्त्याकडेच्या भिंती रंगवून घेतल्या आहेत. त्या चित्रांतही मासे आणि लाटा हमखास आढळतात. आपण रोज त्यांच्यासमोरून जातो. बाजाराची पिशवी सांभाळण्यात आणि बस पकडण्याच्या घाईत त्यांच्याकडे लक्ष जात नाही. एखादे दिवशी लेकरू बोट धरून थांबते आणि विचारते, "हा मासा खराच एवढा मोठा असतो का?" तेव्हा कुठे आपण त्या भिंतीकडे पाहतो.

मुंबईच्या ससून डॉकमध्ये २०१७ च्या अखेरीस कलावंतांनी १८७५ सालच्या जुन्या गोदीच्या भिंती रंगवल्या आणि तिथल्या कोळी बांधवांचे चेहरे भिंतींवर लावले. तिथे समुद्र दाराशीच आहे, त्यामुळे त्याचे नवल वाटत नाही. आपण मात्र उन्हाळ्यात विहिरीचा तळ पाहणारी आणि टँकरची वाट बघणारी माणसे. आपण भिंतीवर समुद्र का रंगवतो? आजच्या शुभवर्तमानाच्या प्रकाशात आपण सगळे मिळून या साध्या प्रश्नाचा विचार करू या.

दीड हजार वर्षांपूर्वीची भिंत

भिंतीवर समुद्र रंगवण्याची ही रीत आपल्या भागात आजची नाही. अजिंठ्याची लेणी आपल्या अंगणात म्हणावीत इतकी जवळ आहेत. आपल्यातले बहुतेक जण शाळेच्या सहलीला तिथे जाऊन आले आहेत. तिथल्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात एका जहाजाचे चित्र आहे. त्यात तीन डोलकाठ्या आहेत, फुगलेली शिडे आहेत आणि ओळीने ठेवलेले मोठे रांजण आहेत. सतराव्या क्रमांकाच्या लेण्यात सिंहल नावाच्या व्यापाऱ्याची कथा रंगवली आहे. त्याचे जहाज फुटते आणि तो संकटांनी भरलेल्या बेटावर जाऊन पडतो. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी, वाकाटक राजांच्या काळात, समुद्रापासून इतक्या दूर, वाघूर नदीच्या वळणावरच्या अंधाऱ्या डोंगरात कोणीतरी दिव्याच्या उजेडात हा समुद्र रंगवला.

त्यासाठी किती खटाटोप केला असेल! दगडावर मातीचा गिलावा द्यायचा, त्यात भाताचा तूस आणि गवताचे तंतू मिसळायचे, वर चुन्याचा पातळ हात फिरवायचा आणि मग रंग भरायचे. गेरू, पिवळी माती, हिरवी माती आणि काजळी इथल्याइथे मिळत होती. निळा रंग मात्र इथे नव्हता. अजिंठ्यात वापरलेला निळा रंग लाजवर्द दगडाचा आहे आणि तो दगड अफगाणिस्तानातून येत असे.

दुसऱ्या लेण्यातल्या जहाजाची कथा पूर्ण नावाच्या व्यापाऱ्याची मानली जाते. पूर्ण हा शूर्पारकचा, म्हणजे आजच्या वसई भागातल्या सोपाऱ्याचा. त्याने व्यापार सोडून बुद्धाचा मार्ग धरला. पुढे त्याचा भाऊ चंदन आणायला समुद्रावर गेला असता जहाज वादळात सापडले. सगळे जीव मुठीत धरून ओरडू लागले. तेव्हा भावाने पूर्णाची आठवण केली आणि पूर्ण मदतीला धावला, असे ती कथा सांगते. आपली श्रद्धा वेगळी आहे, पण ते चित्र आपल्याला परके वाटायचे कारण नाही. बुडणाऱ्या माणसाची हाक आणि ती ऐकून धावणारा भाऊ, हे कोणत्याही धर्माच्या माणसाला समजते.

आपल्या पूर्वजांची भिंत

आता रोमला जाऊ या. पहिल्या काही शतकांत ख्रिस्ती लोक आपले मृत बांधव जमिनीखालच्या भुयारांत पुरत असत. त्या भुयारांच्या भिंतींवर त्यांनीही चित्रे काढली. रोममधल्या संत कॅलिक्स्टस यांच्या भुयारात तिसऱ्या शतकातली चित्रे आजही पाहायला मिळतात. त्यांत योना संदेष्टा आहे. त्याला जहाजावरून समुद्रात टाकले जात आहे, प्रचंड जलचर त्याला गिळत आहे आणि पुन्हा किनाऱ्यावर सोडत आहे. भुयारांतल्या कबरींवर नांगर कोरलेला दिसतो आणि मासाही दिसतो. ग्रीक भाषेत माशाला 'इख्थुस' म्हणतात. त्या शब्दाच्या एकेका अक्षरापासून 'येशू ख्रिस्त, देवाचा पुत्र, तारणारा' असे शब्द तयार होतात.

ती भुयारेही समुद्रकिनारी नाहीत. ती मातीच्या पोटात आहेत आणि तिथे सूर्यही पोहोचत नाही. ज्यांचा छळ होऊ शकत होता आणि ज्यांनी आपली माणसे नुकतीच मातीत ठेवली होती, त्या लोकांनी समुद्र रंगवला. का? समुद्र म्हणजे मृत्यूचे भय, आणि त्या भयातून देव बाहेर काढतो ही आशा. दोन्ही गोष्टी एकाच चित्रात मावत होत्या.

आपल्या चर्चच्या इमारतीचेही असेच आहे. ज्या लांबट भागात आपण आता बसलो आहोत, त्याला युरोपातल्या भाषांत जहाजावरून नाव पडले आहे. लॅटिन भाषेत जहाजाला 'नाव्हिस' म्हणतात. आपल्या मराठीतली 'नाव' आणि तो शब्द एकाच कुळातले आहेत. म्हणजे दर रविवारी आपण मिस्साबलिदानाला येतो, तेव्हा एका अर्थी नावेत येऊन बसतो.

शुभवर्तमानातली नाव

आजचे शुभवर्तमान अशाच एका नावेची गोष्ट सांगते. ज्याला 'गालीलचा समुद्र' म्हणतात, ते खरे तर गोड्या पाण्याचे सरोवर आहे. आपल्या लोणारचे विवर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पावणेदोन किलोमीटरच्या आसपास भरते. गालीलचे सरोवर सुमारे २१ किलोमीटर लांब आणि १३ किलोमीटर रुंद आहे. ते समुद्रसपाटीच्या सुमारे २१० मीटर खाली आहे आणि भोवती डोंगर आहेत. डोंगरांमधून वारा अचानक खाली उतरतो आणि शांत पाणी काही वेळात खवळते. तिथल्या कोळ्यांसाठी तोच समुद्र होता.

पाच हजारांना जेवू घातल्यानंतर प्रभूने शिष्यांना नावेतून पुढे पाठवले आणि तो एकटा प्रार्थनेला डोंगरावर गेला. वारा उलटा होता. शिष्य रात्रभर वल्ही मारत राहिले. पहाटेच्या अंधारात, रात्रीच्या चौथ्या प्रहरी, प्रभू पाण्यावरून चालत त्यांच्याकडे आला. त्यांना वाटले, भूत आहे. प्रभूने त्यांना धीर दिला. मग पेत्राने परवानगी मागितली, तो नावेतून उतरला आणि खरोखर काही पावले चालला. वाऱ्याकडे लक्ष जाताच तो घाबरला आणि बुडू लागला.

इथे एक गोष्ट लक्षात घेऊ या. पेत्र कोळी होता. पाण्यावरच त्याचे आयुष्य गेले होते आणि त्याला पोहता येत होते. पुनरुत्थानानंतर प्रभू किनाऱ्यावर दिसताच पेत्राने पाण्यात उडी घेतल्याचे योहान सांगतो. असा माणूसही त्या रात्री बुडू लागला. ज्या कामात आपण तरबेज आहोत, त्याच कामात एखाद्या रात्री आपले पाय सुटू शकतात. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. पेत्राने ती लाज बाळगली नाही. अकरा सोबती पाहत असताना, ज्यांच्यासमोर तो एवढ्या हिमतीने उतरला होता त्यांच्यासमोरच, तो ओरडला आणि प्रभूला वाचवायची विनंती केली.

प्रभूने काय केले? त्याने तत्काळ हात पुढे करून पेत्राला धरले. विश्वास का डळमळला, हा प्रश्न प्रभूने विचारला खरा, पण हात धरल्यानंतर विचारला. आधी हात, मग शब्द. हा क्रम आपण मनावर कोरून ठेवू या.

न पाहिलेल्या समुद्रात बुडणारी माणसे

आपण समुद्र पाहिलेला नसला, तरी आपली भाषा बुडण्याच्या शब्दांनी भरलेली आहे. पीक बुडाले, मजुरी बुडाली, शाळा बुडाली, पतपेढीतला पैसा बुडाला, घर कर्जात बुडाले. आपल्याकडच्या माणसाला बुडायला पाणी लागत नाही. पावसाने महिनाभर ओढ दिली तरी तो बुडतो, आणि सोयाबीन काढणीला आले असताना पाऊस कोसळला तरीही बुडतो.

जुलै २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि शेतकरी आत्महत्यांनी हादरलेल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर झाली. अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशिम आणि वर्धा यांच्याबरोबर त्यात आपला बुलढाणा जिल्हाही होता. त्यानंतर कर्जमाफ्या झाल्या, योजना आल्या. तरी ते दुःख संपलेले नाही, हे आपण वर्तमानपत्रात वाचतो आणि कधी कधी शेजारच्या घरी बसायला जाऊन अनुभवतो. अशा घरी गेल्यावर एक वाक्य नेहमी कानावर पडते : "काही बोललाच नाही हो. काल रात्री जेवला, नेहमीसारखा झोपला."

बंधुभगिनींनो, पेत्र आणि आपल्या त्या भावामधला फरक इथे आहे. विश्वास दोघांचाही डळमळला होता आणि वारा दोघांनाही उलटा होता. पेत्र ओरडला. आपला भाऊ गप्प राहिला. तो गप्प का राहिला, याचा विचार आपणा नावेत बसलेल्यांना करायला हवा. कारण आपल्याकडे क्रम उलटा झाला आहे. आधी शब्द, मग जमला तर हात. "कशाला काढले एवढे कर्ज?" "पोरीच्या लग्नात एवढा खर्च कोणी सांगितला होता?" "आम्ही तर आधीच म्हणत होतो." बुडणाऱ्याने हे शब्द पूर्वी दुसऱ्या कोणाबद्दल ऐकलेले असतात, बहुधा आपल्याच तोंडून, कदाचित याच चर्चच्या पायऱ्यांवर. मग आपली पाळी आल्यावर तो तोंड कसे उघडणार?

प्रभूने पेत्राला प्रश्न विचारला, म्हणून आपणही विचारायला हरकत नाही. उधळपट्टी, दारू आणि देखाव्याचे लग्न यांबद्दल बोलायलाच हवे. पण माणूस नावेत आल्यावर बोलू या. पाणी नाकातोंडात जात असताना उपदेश ऐकू येत नाही.

आजच्या पहिल्या वाचनात एलिया संदेष्टा भेटतो. तोही थकलेला आहे. गुहेत येण्याआधी त्याने मरण मागितले होते. देव त्याला सोसाट्याच्या वाऱ्यात भेटला नाही, भूकंपात नाही, अग्नीतही नाही. तो अगदी हळुवार आवाजात भेटला. ज्याच्या मनात मरणाचा विचार येऊन गेला आहे, त्याच्याशी देव कसा बोलतो, हे इथे पाहायला मिळते. देव त्याच्यावर ओरडत नाही. त्या आधी, रानात, देवाच्या दूताने त्याला भाकर आणि पाणी दिले होते, झोपू दिले होते. तिथेही आधी हात होता, मग शब्द.

उलट्या वाऱ्याने आणलेला विश्वास

कोणी म्हणेल, आपला वारा नेहमीच उलटा असतो, तर देव आहे कुठे? यासाठी आपल्या ख्रिस्ती इतिहासातली एक गोष्ट आठवू या. १३२१ साली चार फ्रान्सिस्कन धर्मबंधू होर्मुझहून जहाजाने निघाले. त्यांना केरळातल्या कोल्लमला जायचे होते. पण जहाज त्यांच्या इच्छेविरुद्ध ठाण्याला आले आणि तिथे ते विश्वासासाठी हुतात्मे झाले. त्यांच्यासोबत आलेल्या जॉर्डनस या डॉमिनिकन धर्मगुरूंनी त्यांचे देह सोपाऱ्याला नेऊन पुरले. अजिंठ्याच्या भिंतीवरच्या पूर्णाचे जे गाव, तेच हे सोपारे. पुढे त्या किनाऱ्यावर ख्रिस्ती समाज वाढला आणि आज वसईची मराठी ख्रिस्ती मंडळी आपल्या भाषेतल्या प्रार्थनेचा मोठा आधार आहे.

आपल्याकडे विदर्भात विश्वास आला तोही समुद्र ओलांडून. आल्प्स पर्वतातल्या सॅव्हॉय प्रदेशातले संत फ्रान्सिस द सालस यांच्या नावाच्या संघाचे मिशनरी १८४६ च्या सुमारास विशाखापट्टणमला उतरले. तेही आपल्यासारखेच डोंगरातले लोक. त्या कामातून १८८७ मध्ये नागपूर धर्मप्रांत निघाला आणि १९५५ मध्ये आपला अमरावती धर्मप्रांत. वारा उलटा होता म्हणजे देव नावेत नव्हता, असे आपल्याला म्हणता येत नाही. मात्र हे दुसऱ्याच्या संकटाकडे बोट दाखवून त्याला सांगायचे नसते. ते आपण आपल्या स्वतःच्या संकटात आठवायचे असते.

भिंतीच्या पायथ्याशी

भिंतीवरच्या समुद्राकडे पुन्हा एकदा वळू या. कुठे कुठे असे दिसते, की वर निळ्या पाण्यात कासव पोहत आहे आणि खाली त्याच भिंतीच्या पायथ्याशी प्लॅस्टिकच्या पिशव्या, गुटख्याच्या पुड्या आणि चहाचे कप पडले आहेत. आपल्याला वाटते, समुद्र इथून लांब आहे. पण आपला जिल्हा पाण्याच्या वाटणीवर बसलेला आहे. घाटाखालचे पाणी पूर्णेतून तापीला मिळते आणि अरबी समुद्रात जाते. घाटावर पैनगंगेचा उगम होतो, आणि ते पाणी वर्धा, प्राणहिता, गोदावरी असा प्रवास करून बंगालच्या उपसागराला मिळते. एकाच जिल्ह्यातला पाऊस दोन समुद्रांना जातो. आज नाल्यात टाकलेली पिशवी पुराबरोबर त्याच वाटेने निघते. चित्रातल्या कासवाला आपण जपतो आणि खऱ्या कासवाच्या ताटात कचरा वाढतो.

२०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी 'लाउदातो सी' या परिपत्रकात पृथ्वीला आपले सामायिक घर म्हटले. गरिबांचा आक्रोश आणि पृथ्वीचा आक्रोश वेगळे ऐकता येत नाहीत, असा त्यांच्या शिकवणुकीचा आशय होता. आपल्याला हे समजायला पुस्तक लागत नाही. पाऊस बिघडला की पहिला कोण बुडतो, हे आपल्याला माहीत आहे.

या आठवड्यासाठी

आपण आता मिस्सा संपवून घरी जाऊ. जाण्याआधी काही गोष्टी मनाशी ठरवू या.

पहिली गोष्ट बुडत असलेल्यांसाठी. या नावेत आज कोणी असे असेल, की ज्याला रात्री झोप लागत नाही, सावकाराचा किंवा बँकेचा माणूस दिसला की छातीत धडधडते आणि 'आपण नसलो तर घर सुटेल' असा विचार मनात येतो, तर त्याने पेत्रासारखे ओरडावे. घरात सांगावे, फादरांना सांगावे, शेजाऱ्याला सांगावे. कोणाला ओळखीच्या माणसाशी बोलणे जड जात असेल, तर सरकारची 'टेलि-मानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य मिळते. विनापरवाना सावकाराने जमीन लिहून घेतली असेल, तर २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्याप्रमाणे जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करता येते. आपल्यातल्या लिहित्या-वाचत्या मुलामुलींनी असा अर्ज लिहून देणे, हीही प्रार्थनाच आहे.

दुसरी गोष्ट नावेत बसलेल्यांसाठी. आपल्या प्रत्येक छोट्या ख्रिस्ती समूहाने या आठवड्यात निदान एका अशा घरी जावे, जिथून बरेच दिवस कोणी मिस्साला आलेले नाही. "चर्चला का येत नाही?" असे दारातच विचारू नये. बसावे, चहा घ्यावा, पेरणीचे काय झाले ते विचारावे आणि ऐकावे. पेरणीच्या वेळी बियाण्याची एक पिशवी किंवा मुलाच्या वह्या देणे जमले, तर गाजावाजा न करता द्याव्यात. आधी हात, मग शब्द.

तिसरी गोष्ट लेकरांसाठी. रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गातल्या मुलांना घेऊन एखाद्या चित्र काढलेल्या भिंतीजवळचा कचरा उचलू या. मुलांना तिथेच पेत्राची गोष्ट सांगू या. त्यांना मासा ओळखता येतो, जहाज ओळखता येते. आता त्यांना हात पुढे करणाराही ओळखता यावा.

आज परमप्रसाद घेताना आपण हात पुढे करू, तेव्हा एवढे ध्यानात ठेवू या, की त्याआधी प्रभूने आपला हात पुढे केलेला आहे.

आपण प्रार्थना करू या : हे प्रभू येशू, आमची नाव लहान आहे आणि वारा उलटा आहे. आमच्यातला जो बुडत आहे त्याला हाक मारायचे धैर्य दे. आम्ही जे नावेत आहोत, त्या आमच्या जिभेला आवर घाल आणि आमचे हात मोकळे कर. आमच्या शेतांवर वेळेवर पाऊस पाड. ज्या घरांतून माणूस निघून गेला, त्या घरांना तुझ्या नावेत जागा दे. पवित्र मरिये, समुद्राच्या तारे, आम्हांसाठी विनंती कर. आमेन.